शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कुठले?

पालघर जिल्ह्याला काय हवे आहे, हे सांगणारी माणसे सध्या उदंड झाली आहेत. मंत्री म्हणतात, जिल्ह्याला विकास हवा आहे. आंदोलनाचे पुढारी म्हणतात, जिल्ह्याचा एकमुखी विरोध आहे. टीव्हीवरचा गृहस्थ रंगीत रकाने दाखवून सांगतो, सरकारवर इतके टक्के लोक खूश आणि इतके नाखूश. बोईसर स्टेशनबाहेर चहा पिणाऱ्या चौघांना विचारा, ते पाचवेच काही सांगतील. आता वाचकहो, तुम्ही स्वतःलाच विचारा. गेल्या दहा वर्षांत तुमच्या उंबऱ्यावर येऊन ‘बाबा, तुझे मत काय?’ असे कोणी विचारले का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही बा’ असेच येईल. मग ही टक्केवारी येते कुठून? तिच्यावर भरवसा ठेवायचा किती? शेतकऱ्याने, सरपंचाने, आणि आपण ज्यांना अजून ग्रामसेवक नि तलाठी म्हणतो त्या गावकामगारांनी हे नीट समजून घ्यायला हवे. कारण अशाच टक्केवारीच्या जोरावर उद्या तुमच्या शिवाराचा, तुमच्या बंदराचा, तुमच्या पाड्याचा निर्णय होऊ शकतो.

पीक कापणीचा धडा

‘माझ्या गावात कोणी आले नाही, म्हणजे सगळे खोटे’ असे म्हणून जनमत चाचणीची खिल्ली उडवणे सोपे आहे. पण ते बरोबर नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. हंड्यातला सगळा भात चिवडून कोणी बघत नाही.

माती परीक्षणाचेच घ्या. कृषी सहायक काय सांगतो? शेतात नागमोडी चाला, सात-आठ जागी वीतभर खोल खड्डा घ्या, बांधालगतची माती नको, झाडाखालची नको, शेणखताच्या ढिगाजवळची तर मुळीच नको. सगळी माती एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असे करत अर्धा किलो उरवा. त्या अर्ध्या किलोवरून एकराच्या जमिनीचा कस कळतो. ढिगाजवळची माती पाठवली तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, अहवाल खोटाच येणार.

पैसेवारीचेही तसेच. गावातले प्रत्येक खाचर कोणी कापून बघत नाही. चिठ्ठी टाकावी तशी शेते निवडायची, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढा कापून, झोडून, तोलून त्यावरून गावाचे पीक ठरवायचे. या नमुना पद्धतीची बैठक आपल्या देशात ज्यांनी घातली त्यात बंगालचे प्रशांतचंद्र महालनोबीस होते, तसे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मेही होते. पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की टंचाई धरायची, ही कित्येक वर्षांची रीत होती. २०१६ च्या दुष्काळ संहितेने निकष बदलले, पण पीक कापणी प्रयोग राहिले. आणि पैसेवारीवरून भांडण झाले तर ते कशावरून होते? ‘प्रयोग मोजकेच का घेतले’ यावरून क्वचितच. ‘तुम्ही रस्त्यालगतचे, पाण्याखालचे शेत का धरले?’ यावरून होते. म्हणजे नमुन्याचे मर्म आपल्या शेतकऱ्याला पुरते ठाऊक आहे. नमुना किती मोठा, यापेक्षा तो कुठून उचलला, याला मोल आहे.

अमेरिकेने हा धडा १९३६ साली चांगलाच महागात घेतला. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने जवळपास एक कोटी लोकांना पत्रे धाडली. तेवीस-चोवीस लाख उत्तरे आली. त्यावरून त्यांनी सांगितले, रूझवेल्ट हरणार. जॉर्ज गॅलप याने त्याच्या कितीतरी पट कमी लोकांना, पण श्रीमंत-गरीब सगळ्या थरांतून निवडून विचारले आणि सांगितले, रूझवेल्ट जिंकणार. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने जिंकले. साप्ताहिकाने नावे उचलली होती टेलिफोनवाल्यांच्या आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून. मंदीच्या काळात टेलिफोन कोणाकडे होता? ढिगाजवळची माती ती हीच.

आपला हंडा ढवळायला कठीण

आता हे गणित आपल्या जिल्ह्याला लावून बघू. २०११ च्या जनगणनेनुसार आज पालघर जिल्ह्यात असलेल्या आठ तालुक्यांची लोकसंख्या २९ लाख ९० हजार. राज्याच्या ११ कोटी २४ लाखांत हा वाटा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. समजा एखाद्या संस्थेने राज्यात २ हजार लोकांना विचारून ‘महाराष्ट्राचा कौल’ छापला. नमुना प्रामाणिक असेल तर त्यात आपल्या जिल्ह्याची माणसे येतील त्रेपन्न. त्यातली चोवीस एकट्या वसई तालुक्यातली, कारण जिल्ह्याची ४५ टक्के वस्ती तिथेच आहे. पालघर तालुक्यातली दहा, डहाणूतली सात. आणि मोखाड्याच्या वाट्याला? एक-दीड माणूस!

राज्याचा अंदाज बांधायला २ हजारांचा नमुना चालतो. त्यात दोन-सव्वादोन टक्के इकडेतिकडे होईल, एवढेच. पण त्याच आकड्यांतून ‘पालघर जिल्ह्यात सरकारवर इतकी नाराजी’ असा मथळा कोणी काढला, तर तो त्रेपन्न माणसांच्या जिवावर काढलेला असेल. ‘मोखाड्यात वारे फिरले’ असे कोणी लिहिले, तर हसावे की रडावे, तुम्हीच ठरवा.

शिवाय आपला भात एका जातीचा नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा, खोली भाड्याने घेऊन राहणारा, मतदार यादीत नाव गावाकडे असलेला परप्रांतीय कामगार. किनाऱ्यावर सातपाटी, मुरबे, दांडी, उच्छेळी, वरोर, वाढवण इथला मच्छीमार. घोलवड-डहाणूचा चिकू बागायतदार, वाड्याचा कोलम पिकवणारा शेतकरी. आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीचा आदिवासी, जो जिल्ह्याच्या लोकसंख्येत ३७ टक्के आहे. जानेवारीत पाहणी करायला गेलात तर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर म्हातारी माणसे भेटतील. धडधाकट माणूस वीटभट्टीवर, बांधकामावर, भिवंडी-वसईकडे गेलेला असतो. कोळीवाड्यात दुपारी गेलात तर पुरुष समुद्रात, बाया बाजारात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा या, दोघेही घरी भेटतील, पण तेव्हा शेतकरी लावणीच्या चिखलात असेल. मोबाइलवरून पाहणी केलीत तर रेंज असलेलाच माणूस बोलेल. पाहणी कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणत्या मार्गाने झाली हे न सांगता दिलेली टक्केवारी म्हणजे सात-बारा न बघता केलेला जमिनीचा सौदा.

बरे, माणूस भेटला तरी तो मनातले सांगतोच असे नाही. हातात वही नि गळ्यात ओळखपत्र असलेला माणूस दारात आला, की तो सरकारचाच असणार, असे आपण धरून चालतो. ‘नाराज आहे’ म्हटले आणि घरकुलाच्या यादीतून नाव गेले तर? लाडक्या बहिणीचे पैसे थांबले तर? असे होत नसेलही, पण भीती असते. बाईला विचारले तर नवरा किंवा सासरा मध्येच उत्तर देतो. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेचे लोक मतदाराच्या हाती खोटी मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगतात, ते याच कारणाने. विचारणाऱ्यालाही उत्तर दिसू नये. गावात हा संकोच असतोच, कारण गावात कोण कोणाचा हे सगळ्यांना माहीत असते.

मतदान म्हणजे जनमत नव्हे

पहिली शंका तुम्ही विचारालच. ‘चाचण्या कशाला? पाच वर्षांनी मतदान होतेच की!’

होते. आणि चाचण्यांची फजितीही तिथेच होते. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी केंद्रातल्या सत्ताधारी आघाडीला ३५० च्या वर जागा दिल्या. ४ जूनला त्या २९३ निघाल्या. आपल्या राज्यात ४८ पैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि एक अपक्ष. दोन्ही बाजूंच्या मतांत फरक मात्र एका टक्क्याहून कमी! जिथे एका टक्क्यात तेरा जागांचा फरक पडतो, तिथे दोन टक्क्यांची चूक पोटात घेऊन बसलेली चाचणी जागा कशा सांगणार? पुढे नोव्हेंबरच्या विधानसभेत अनेक चाचण्यांनी महायुती पुढे असल्याचे सांगितले, पण २८८ पैकी तब्बल २३० वर जागा मिळतील असे फार थोड्यांच्या स्वप्नात होते. कौल कोणाकडे कलतो हे चाचणीला कधी कळते. जागांची बेरीज मात्र तिच्या आवाक्याबाहेरची.

पण मूळ मुद्दा निराळा आहे. मतदानाने आमदार-खासदार ठरतो. एखाद्या प्रश्नावर लोकांचे म्हणणे काय, हे त्यातून कळत नाही. वाढवण बंदराचा प्रश्न घ्या. १९९८ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये संमती दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. मधल्या लोकसभा निवडणुकीत पालघरमधून भारतीय जनता पक्षाचे डॉ. हेमंत सवरा १ लाख ८३ हजारांच्या फरकाने निवडून आले. लगेच कोणी म्हणाले, बघा, लोकांना बंदर हवे आहे. मग नोव्हेंबरमध्ये डहाणूतून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले पुन्हा निवडून आले. आता काय म्हणायचे? लोकांचे मत पाच महिन्यांत पालटले?

तसे काही नाही. पालघर लोकसभा मतदारसंघात वसई आणि नालासोपारा ही शहरे आहेत. तिथला मतदार लोकलच्या गर्दीचा आणि नळाच्या पाण्याचा विचार करून मत देतो, वाढवणच्या खडकाचा नव्हे. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव असते, ‘बंदर हवे की नको’ हा प्रश्न नसतो. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर निकालातून काढणे म्हणजे बैलाच्या बाजारात दुधाचा भाव विचारणे.

जनसुनावणी आणि तहकूब ग्रामसभा

‘जनसुनावणी असते ना?’ ही दुसरी शंका.

असते. १९६९ साली तारापूरची अणुभट्टी सुरू झाली तेव्हा तीही नव्हती. १९९७ साली ती कायद्यात आली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची आजची पद्धत ठरली. किमान ३० दिवसांची सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, सगळ्याचे चित्रीकरण, शेवटी इतिवृत्ताचे स्थानिक भाषेत वाचन. हे सगळे चांगलेच आहे. पण त्याच अधिसूचनेत लिहिले आहे की सुनावणीला गणपूर्ती लागत नाही. तिथे मतदानही होत नाही. कोण किती जण बाजूने, किती विरोधात, हे मोजायची तरतूदच नाही. वाढवणची सुनावणी १९ जानेवारी २०२४ ला झाली ती पालघरला. वाढवण डहाणू तालुक्यात. ज्याला त्या दिवशी रोजंदारी बुडवून, गाडीभाडे खर्चून येता आले आणि माईकसमोर उभे राहायचे धाडस झाले, त्याचे म्हणणे नोंदले गेले. बाकीच्यांचे मत काय होते, याचा आकडा कोणाकडेच नाही. सरकारकडेही नाही आणि विरोधकांकडेही नाही.

ग्रामसभेचे काय होते, ते तुम्ही-आम्ही जाणतोच. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पंधरा-वीस जणांत ठराव होतो आणि प्रोसिडिंगला लिहिले जाते, ‘सर्वानुमते मंजूर’. सर्वानुमते म्हणजे कोणाच्या मते? पाड्यावरच्या बाया त्या दिवशी कुठे होत्या? कायद्याने महिलांची सभा आधी घ्यायची असते, ती किती गावांत खरोखर होते आणि किती गावांत फक्त सह्या फिरतात? सरपंच-ग्रामसेवकांनी छातीवर हात ठेवून सांगावे. पेसा क्षेत्रात तर ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याने वजन दिले आहे. ते वजन आपणच कोऱ्या पानावर सह्या घेऊन हलके करतो आणि मग वरच्यांनी ऐकले नाही म्हणून ओरडतो.

मोजले नाही की काय होते, याचा दाखला घरचाच आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याने मासळी जाते, हे नवापूर-मुरब्याकडचा किनारा वर्षानुवर्षे सांगत होता. कोणी त्याला धूप घातली नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादाचे दार ठोठवावे लागले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तारापूर ९३.६९ गुणांसह देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत पहिले आले, तेव्हा वरच्यांचे डोळे उघडले. ज्याचा आकडा नाही, त्याला सरकारदरबारी किंमत नाही. हे बरे की वाईट, तो भाग वेगळा, पण असे आहे खरे.

विचारले तेव्हा काय झाले

नीट विचारले तर माणसे नीट उत्तर देतात. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश राहायचे, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पाने. १ लाख ३८ हजार मते विलीनीकरणाला, १ लाख ७२ हजार विरोधात. महाराष्ट्राला निकाल आवडला नाही, पण वाद तिथे मिटला. २१ सप्टेंबर २००८ ला शेजारच्या रायगडात पेण तालुक्यातल्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची की नाही, यावर प्रशासनानेच शेतकऱ्यांचा कौल घेतला. तो प्रकल्प पुढे तिथे उभा राहिला नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांना खाणीबद्दल विचारले. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण झाली नाही.

या उदाहरणांत एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांचे काही जाणार होते, त्यांनाच विचारले. पेणच्या जमिनीबद्दल मुंबईला विचारले नाही. म्हणून एक इशारा द्यायलाच हवा. उद्या कोणी सबंध जिल्ह्याची चाचणी घेऊन म्हणेल, ‘साठ टक्के लोकांना बंदर हवे.’ आकडा खराही असेल. पण ज्याला नोकरी मिळण्याची आशा आहे त्याचे मत आणि ज्याची मासेमारीची जागा भरावाखाली जाणार आहे त्याचे मत, यांची एकाच तराजूत बेरीज करायची का? तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टीची माणसे उठली, वीज मात्र दूरवर गेली. वीज वापरणाऱ्यांची चाचणी घेतली असती तर निकाल काय आला असता, हे सांगायला ज्योतिषी नको. लोकांचे मन जाणायला चाचणी हे साधन चांगले आहे. कोणाचा हक्क काढून घ्यायला ते वापरू देता कामा नये.

मग करायचे काय?

दोन कामे आपल्या हातातली आहेत.

पहिले, कोणीही टक्केवारी तोंडावर फेकली की पाच प्रश्न विचारा. पैसे कोणी दिले? किती जणांना विचारले? ते कसे निवडले? प्रश्नाचे शब्द काय होते? कधी विचारले? ‘रोजगार देणारे बंदर हवे का?’ असे विचारले तर हात वर होतील. ‘मासेमारी बुडवणारे बंदर हवे का?’ असे विचारले तर तेच हात खाली येतील. पाचांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर तो कागद वडे बांधायला द्यावा. मग तो सरकारचा असो, कंपनीचा असो की आपल्याच संघर्ष समितीचा.

दुसरे, गावाने स्वतःचे मत स्वतः मोजावे. याला दिल्लीची संस्था लागत नाही. मतदार यादी घ्या, चिठ्ठी टाकून सुरुवातीचे नाव काढा आणि तिथून दर सातवे नाव धरा. आठशे मतदारांच्या गावात एकशे चौदा-पंधरा नावे येतील. प्रत्येक पाडा आपोआप त्यात येतो, बायाही निम्म्याच्या आसपास येतात. जो घरी नसेल त्याच्याकडे पुन्हा जा, शेजाऱ्याला विचारून भागवू नका. कामावर बाहेर गेलेल्यांची वेगळी नोंद ठेवा. प्रश्नात दोन्ही बाजू सारख्या शब्दांत मांडा आणि तो आपल्या बोलीत, वारलीत, मांगेलीत, वाडवळीत समजावा. उत्तर चिठ्ठीवर, चिठ्ठी बंद डब्यात. अक्षर येत नसेल त्यासाठी चित्र ठेवा. विचारायला गावातला पुढारी नको, शेजारच्या गावची शिक्षित पोरे आणा. डबा ग्रामसभेत सर्वांसमोर उघडा आणि आकडा जो येईल तो प्रोसिडिंगला लिहा. पन्नास-पन्नास आला तर तसाच लिहा. एवढ्या चिठ्ठ्यांत आठ-नऊ टक्के इकडेतिकडे होऊ शकते, तेही लिहा.

अशा पाहणीने ठराव रद्द होत नाही की प्रकल्प थांबत नाही. ग्रामसभेची जागाही ती घेत नाही. पण ‘सर्वानुमते’ या फसव्या शब्दाऐवजी, एकशे चौदापैकी इतके बाजूने आणि इतके विरोधात, असा कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर गेला, तर तो बाजूला सारणे जड जाते. सुनावणीत तो जोडता येतो, न्यायालयात दाखवता येतो. आणि सरकारनेही मनावर घ्यावे. भाताचे उत्पन्न ठरवायला गावोगाव पीक कापणी प्रयोग करणाऱ्या यंत्रणेला, मोठ्या प्रकल्पाआधी बाधित गावांतला पाडावार कौल घेणे अवघड नाही. इच्छा हवी.

निकाल आपल्याला हवा तसा येईलच असे नाही, हेही मनाशी धरून ठेवा. किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात तरुण पोरांनी ‘बंदर येऊ द्या’ अशा चिठ्ठ्या टाकल्या तर पुढाऱ्यांनी त्या दडवू नयेत. आणि सगळ्या चिठ्ठ्या विरोधात निघाल्या तर अधिकाऱ्यांनी ‘कोणीतरी भडकवले’ म्हणू नये. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. डबा गावातलाच, चिठ्ठ्या गावातल्याच आणि मतही गावाचेच असू दे.